त्रोहाचं कधी करायचं?

त्रोहाची पिशवी काढून टाकायची, हे गेन्चोकाकांच्या घरी सहा वर्षांपूर्वीच ठरलं होतं. कधी काढायची, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

आमच्या भाषेत त्रोहा म्हणजे पावाचा चुरा. ही कुत्री घरी आली तेव्हा तेवढीच होती, म्हणून ते नाव. पहिल्या वर्षी काका म्हणाले, "एकदा पिल्लं होऊ देत बिचारीला, मग काढू." आमच्या दोल्नी ब्रेस्त गावात सगळ्यांचंच हे मत आहे, त्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. पण त्रोहा माजावर आली, फाटकाबाहेर गावातले कुत्रे जमले आणि काकांना त्यातलं एकही स्थळ पसंत पडेना. एकाचं शेपूट तुटकं, दुसरा दिवसभर खाटकाच्या दारात पडीक, आणि वेल्चो शिकाऱ्याचा कुत्रा दिसायला रुबाबदार खरा, पण घराणंच तापट. काका तीन आठवडे झाडू घेऊन फाटकाशी बसून राहिले. पुढच्या खेपेलाही तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच.

"पोरगी उजवायची नाही आणि ऑपरेशनही करायचं नाही, मग करायचं तरी काय रे तिचं?" स्तांकाकाकू विचारायच्या.

"बघू. आत्ता थंडी आहे."

थंडी सरली की द्राक्षमळ्याची छाटणी, छाटणी झाली की ईस्टर, मग चेरी, मग टोमॅटो, मग द्राक्षं, मग त्यांची रकिया, म्हणजे दारू, गाळायची. रकिया गाळून होईतो पुन्हा थंडी.

"तुला ठरवायचंच नसेल तर तसं सांग!"

"ठरवलंय ना! केव्हा ते फक्त बघतोय."

खरं सांगायचं तर काकांना भीती वाटत होती. भूल दिलेली त्रोहा उठलीच नाही तर? मुलगी लग्न होऊन दूर समुद्राकाठी, मुलगा परदेशात. मळ्यातून दमून आल्यावर दाराशी धावत येणारी तेवढी एक त्रोहाच. हे ते कुणाला सांगत नसत. काकूंना ते न सांगताच कळत होतं, म्हणून त्याही फार ताणत नसत.

यंदा फेब्रुवारीत सरपंच झ्लात्काबाईंनी वाचनालयाच्या दारावर नोटीस लावली. दोन मार्चला सकाळी फिरता दवाखाना येणार, कुत्र्यांची ऑपरेशनं फुकट. ज्यांना करून घ्यायचं असेल त्यांनी आपल्या कुत्र्याच्या गळ्यात लाल दोरा बांधून ठेवावा, म्हणजे डॉक्टरांचा घोटाळा होणार नाही.

गावाने नोटीस वाचली आणि बाईंच्या हुशारीचं कौतुक केलं. त्याच्या आदल्या दिवशी एक मार्च येतो, हे मात्र कुणाच्या टाळक्यात आलं नाही. बाईंच्याही नाही, आणि त्यांचा जन्म इथलाच.

एक मार्च हा मार्ताआजीचा दिवस. ही आजी म्हणजे मार्च महिनाच, भारी लहरी. खूश असली तर ऊन देईल, बिनसलं तर मोहोरावर बर्फ ओतेल. म्हणून त्या दिवशी तिच्यासाठी लाल-पांढरा पीळ घातलेला दोरा जो तो बांधतो. स्वतःला बांधतो, पोरांना, कोकरांना, गाईंना, जर्दाळूच्या झाडांना बांधतो. आणि अर्थातच कुत्र्यांनाही. एकदा बांधलेला दोरा पहिला करकोचा किंवा पहिलं फुललेलं झाड दिसेपर्यंत सोडायचा नाही. सोडला तर वर्षाचं वाटोळं.

त्या सकाळी गेन्चोकाका दोरा हातात धरून पायरीवर बसले होते. समोर त्रोहा पाण्याच्या भांड्यात तोंड घालून उभी होती. हल्ली ती जरा सुस्तच झाली होती, पाणी मात्र भांडंच्या भांडं रिकामं करायची. खारं पनीर चोरून खाल्लंय, असं काकांचं निदान होतं.

"बांधला तर डॉक्टर नेणार, नाही बांधला तर आजी कोपणार," काका पुटपुटले.

"मग आज तरी ठरव काय ते," काकू आतून ओरडल्या.

काकांनी ठरवलं. दोऱ्याचा पीळ सोडवला, लाल धागा काढून खिशात घातला आणि नुसता पांढरा त्रोहाच्या गळ्यात बांधला.

"हे काय रे?"

"आजीला पांढरा दिसला की पुरे. तिची नजर तरी आता कुठे पूर्वीची राहिली असेल!"

त्रोहा नेहमीप्रमाणे गावात फेरफटका मारून आली. गळ्यात नुसता पांढरा दोरा बघून कुणाला तरी तिची दया आली असावी. संध्याकाळी तिच्या मानेच्या केसांत एक लाल दोराही होता. काकांचं लक्ष गेलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांना छाटणीला जायचं होतं.

दोन मार्चला सकाळी डॉक्टर राइनोवाबाई आपल्या दोन मदतनिसांसह चौकात गाडीतून उतरल्या आणि बघतच राहिल्या. लाल दोरेवाली पंचेचाळीस कुत्री, तीन गाई, एक गाढव आणि वाचनालयासमोरचं जर्दाळूचं झाड.

"झ्लात्काबाई, तुमच्या मनगटालाही लाल आहे," डॉक्टरबाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या. "तुम्हालाही घ्यायचंय का टेबलावर?"

"अगं बाई! एक मार्च!" म्हणत झ्लात्काबाईंनी कपाळाला हात लावला.

पण तोवर मदतनिसांनी मोकळी कुत्री गोळा करायला सुरुवात केली होती. वेल्चो शिकारी धावत आला आणि आपल्या तापट कुत्र्याला मिठी मारून उभा राहिला.

"याला हात लावाल तर खबरदार! हा दोरा आजीचा आहे!"

"मग सोडा तो. माझा गोंधळ होतोय."

"सोडू? अजून करकोचा कुठाय? माझं वर्ष तुम्ही भरून देणार का?"

दोरा सोडायला कुणीच तयार होईना. शेवटी डॉक्टरबाईंनी कपाळ पुसलं आणि जाहीर केलं, "दोरे राहू द्या. मी एकेक कुत्रं हाताने तपासते. मालकांना बोलवा."

तिकडे मळ्यात काका निवांत छाटणी करत होते. तेवढ्यात कुत्रा खांद्यावर घेऊन वेल्चो धापा टाकत टेकाड चढून आला.

"काका, मी माझा वाचवला! तुमची त्रोहा गेली आत!"

"आत म्हणजे?"

"टेबलावर!"

काका तसेच हातातली कात्री घेऊन पळत सुटले. एकोणसत्तराव्या वर्षी टेकाड ते कसे उतरले, देव जाणे. चौकात पोचले तेव्हा चेहरा लालबुंद आणि पायातला एक बूट चिखलात राहिलेला.

"माझ्या त्रोहाला लाल दोरा कुणी बांधला?" त्यांनी चौकात गर्जना केली.

"मी नाही बाबा," खाटीक म्हणाला.

"माझ्याकडे लाल लोकरच नाही," शेजारच्या मीकाआजी म्हणाल्या. त्यांनी अंगात लाल लोकरीचं स्वेटर घातलं होतं.

"नोटिशीत मी दुसऱ्याच्या कुत्र्याला बांधा म्हटलंच नव्हतं," झ्लात्काबाई म्हणाल्या.

वाचनालयाच्या बाकावर स्तांकाकाकू मांडीवर घोंगडी घेऊन बसल्या होत्या. काका त्यांना काही विचारणार, एवढ्यात दवाखान्याच्या गाडीचं दार उघडलं आणि डॉक्टरबाई हातमोजे काढत बाहेर आल्या.

"त्रोहाचे मालक तुम्ही? आधी ती कात्री खाली ठेवा."

"जिवंत आहे का ती?"

"आहे. पण काका, आठवडाभर ही घटाघटा पाणी पीत होती, ते दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं की. मला वाटलं, पनीर खाल्लंय."

"पनीर कसलं! गर्भपिशवी पुवाने भरली होती. जानेवारीत माज येऊन गेला ना? माज येतो, जातो, आणि एखाद्या वेळी मागे हे होतं. वय वाढेल तसा धोका वाढतो. मघाशी ती चौकातल्या पाण्याच्या हौदावरून हलेचना, म्हणून तिला सगळ्यांत आधी तपासलं. आणखी दोन दिवस गेले असते तर तुम्ही तिला पुरायला खड्डा खणत असता."

काका मटकन बाकावर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. काकूंनी घोंगडीचं टोक त्यांच्या हातात दिलं. काकांनी त्यालाच नाक पुसलं.

"मग बाई, हे खरं तर कधी करायचं असतं?" त्यांनी हुंदके आवरत विचारलं.

"कुत्री धडधाकट असताना, माज ओसरून दोन-तीन महिने झाले की. पिल्लांची वाट बघायची काही गरज नसते. तुम्ही किती वर्षं थांबलात?"

"फार नाही," काका म्हणाले. "सहा."

चौकात ही बातमी पसरायला पाच मिनिटं लागली आणि सगळा रंगच पालटला.

"दोरा मीच बांधला होता, बरं का," मीकाआजी काकांच्या कानाशी येऊन म्हणाल्या. "स्वेटरचाच काढून."

"असं कसं? मी बांधला!" खाटीक म्हणाला. "हाड चघळत होती, तेव्हा."

"नोटीस कुणाची होती पण?" झ्लात्काबाईंनी सगळ्यांना आठवण करून दिली.

वेल्चोनेही आपण मळ्यापर्यंत पळत गेलो होतो, हे दोनदा सांगितलं. काकांनी कुणालाच खोटं पाडलं नाही. घरून रकियाची मोठी बाटली आणली आणि चौकातच प्रत्येकाला पेला भरून दिला, डॉक्टरबाईंना तर दोन. प्रत्येकाचा हात हातात घेऊन ते म्हणत होते, "तुझे उपकार कसे फेडू रे बाबा!" आणि खरंच त्यांना तसं वाटत होतं. आपल्या एवढ्याशा कुत्रीचं भलं व्हावं असं इतक्या लोकांना वाटतं, यानेच त्यांना भरून येत होतं.

संध्याकाळी त्रोहाला घोंगडीत गुंडाळून घरी आणलं. चुलीजवळ निजवलं. पोटाला पट्टी, डोळे अर्धवट, पण काकांचा हात लागल्यावर शेपटीने दोनदा जमीन झटकलीच. औषधं कशी द्यायची ते बघायला काकांनी डॉक्टरबाईंनी दिलेला कागद उलगडला. खाली ओळ होती, 'ऑपरेशनला मालकाची संमती'. त्याखाली सही.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"स्तांका, हे तुझं अक्षर आहे."

"माझंच."

"म्हणजे तू... तिला द्यायला गेली होतीस?"

"छे! सोडवून आणायला गेले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता ठरवा, नाहीतर जाते ही. मग केली सही. बघ ना, शेवटचं अक्षर वाकडं आलंय."

"मला बोलवायचं तरी!"

"बोलावलं असतं, तर तू म्हणाला असतास, छाटणी होऊ दे."

काकांनी काकूंसाठी पेला काढला. रकियाची बाटली तळाशी कोरडी होती. गावभर आभार मानून झाले होते आणि ज्या एका माणसाचे मानायचे, ते राहूनच गेले होते. ते उठून काकूंजवळ गेले. त्यांचा सही करणारा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले,

"देवाची कृपा गं स्तांका, मी घरी नव्हतो!"