खालच्या मजल्याचा कान

"मनालीच्या गुडघ्याची जबाबदारी माझी," असं मी सुनेला सांगून बसलो आणि तिथून सगळं माझ्या मागे लागलं. (संख्याशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसानं कसलीच हमी देऊ नये. पण बोलून गेलो.)

झालं होतं असं. माझी नात मनाली शाळेच्या संघातून व्हॉलीबॉल खेळते. तिच्याच संघातली अर्पिता नेटपाशी उडी मारून खाली आली, गुडघा आत वळला आणि लिगामेंट फाटलं. कुणी ढकललंही नव्हतं. ऑपरेशन झालं, वर्ष वाया गेलं. वैदेहीनं, म्हणजे सुनेनं, जाहीर केलं, "व्हॉलीबॉल बंद!" आणि जिल्ह्याची निवड चाचणी तोंडावर आलेली. मनाली जेवेना. म्हणून मी मध्ये पडलो.

शोधनिबंध वाचले. मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. पण नीट उतरायला शिकवलं, मांड्या-कंबर बळकट केली, तर धोका निम्म्यापर्यंत येतो. (उरलेल्या निम्म्यात आपलीच मनाली नसेल कशावरून?) उतरायचं चवड्यांवर, गुडघे वाकवून, ते आत झुकता कामा नयेत आणि आवाज होता कामा नये.

संध्याकाळी हॉलमध्ये स्टूल मांडलं. मनालीनं उडी मारली. लगेच इंटरकॉम वाजला. खालचे सामंत.

"सर, आमचा पंखा हलतोय! काय पाडताय?"

"नात उतरतेय."

"कुठून?"

मी सगळं समजावलं. मला ऐकू कमी येतं, त्यामुळे उडी कशी झाली ते कळायला मार्गच नव्हता. सामंतांना मात्र वर चमचा पडला तरी कळतो. नेरूळमधल्या आमच्या सोसायटीत त्यांच्या तक्रारींची फाइलच आहे. मी अजिजीनं विचारलं, "रोज जरा ऐकाल का?"

"ऐकतोच आहे की हो! दुसरं करतोय काय?"

मग रोज हेच. मनाली उतरायची, सामंत कळवायचे. "पहिली बरी. दुसरी म्हैस." मी वाकून तिचे गुडघे बघायचो आणि माझी पाठ धरायची. "आजोबा, मी मांजर आहे का?" ती करवादायची. मला तरी कुठे खात्री होती? पण हळूहळू तिचे गुडघे सरळ राहायला लागले.

चाचणीच्या दुपारी वैदेही म्हणाली, "बाबा, तुमच्यावर विश्वास आहे, पण मी स्वतः खाली सामंतकाकांकडे बसून ऐकते. दणका आला तर चाचणीला जायचं नाही."

ती खाली गेली. मला राहवेना. मी स्टूल सरळ केलं, खिडकी लावली, पाणी प्यायलो, पुन्हा स्टूल सरळ केलं. इंटरकॉम वाजला.

"बंद करा!" वैदेही ओरडली. "काय हे दणके! हा गुडघा आज ना उद्या जाणारच!"

मनालीनं रिसीव्हर हिसकावला. तिच्या डोळ्यांत पाणी. "आई, मी अजून सोफ्यावर बसलेय! ते आजोबा चालतायत!"

पलीकडून सामंतांचा आवाज मलाही ऐकू आला, इतके ते ओरडले. "तरीच! ही पोरगी शाळेत असते तेव्हा उड्या कोण मारतं, मी म्हणतोय!"

मला सोफ्यावर बसवण्यात आलं, पाय वर घेऊन. (सत्कार सोडून आयुष्यात प्रथमच मला कुणी असं बसवलं असेल.) मनाली स्टुलावर चढली, उतरली. चढली, उतरली. मी श्वास रोखून तिचे गुडघे बघत राहिलो. बऱ्याच वेळानं इंटरकॉम वाजला, मनालीनं तो स्पीकरवर घेतला.

"अगं, सुरू करा ना!"

"आई, झालं पण."

वैदेही वर आली. मनालीचे बूट स्वतः बाहेर काढले आणि म्हणाली, "चल, उशीर होईल. तिथंही अशीच उतर."

मी घाईघाईनं पाय खाली सोडले. "थांबा, मीही येतो."

"नको, बाबा," वैदेही दारातून म्हणाली. "सामंतकाका आत्ताच आडवे झालेत. आम्ही येईपर्यंत उठू नका."