फक्कीच्या घरातले भावजी

आमच्या साहेबराव भावजींच्या घरात तुम्ही भिंतीतून शिरलात, तर ते तुम्हाला परत बाहेर काढतात आणि दारातून आत घेतात. आता म्हणाल, भिंतीतून कोण शिरेल? शिरता येतं हो. घराला भिंतीच नाहीत. इथं पाथर्डीच्या अंगाला आमच्या शेताच्या कडेनं मोकळी जागा आहे. तिच्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढल्यात, आणि त्या रेघांना हा माणूस घर म्हणतो.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. दसरा झाला की ते आणि माझी जाऊ हिरा कारखान्यावर ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्यातच परततात. आल्यावर राहायला आमच्याच घरातली एक पत्र्याची खोली. म्हणून यंदा ऊसतोडीची टोळी निघायच्या आत त्यांचं स्वतःचं घर उभं करायचं, असं सगळ्यांनी ठरवलं. गवंडी सांगून ठेवला, विटा येऊन पडल्या, आणि भावजींनी सगळं अडवून धरलं.

"आधी काय नडतंय ते बघू. मग पाया."

हे वाक्य मला आता झोपेतही ऐकू येतं. येईल त्या माणसाला भावजी विचारणार, तुमच्या घरात काय नडतं? कुणी म्हणायचं, जिना अंगावर येतो. कुणी म्हणायचं, सैपाकघरात उजेड नाही. तेवढं ऐकलं की पायानं जुनी रेघ पुसायची आणि नवी ओढायची. सोमवारी जिथं चूल, तिथं मंगळवारी पाहुण्यांची खोली. शेळी बिचारी खुंट्याला बांधलेली, पण रोज वेगळ्या खोलीत.

एकदा मी चहा घेऊन गेले. कप टेकवते तर म्हणतात, "वैनी, तितं देवघर हाय." मी सरकले. "तितं जिना हाय." मी म्हटलं, "मग मी गच्चीवर जाऊन पिते, तुमी बसा खाली." तर हा माणूस हसला नाही. गच्ची अजून ठरली नाही म्हणाला.

त्यांचा पोरगा संतोष तर जेरीला आला होता. त्याला मोठा हॉल पाहिजे, मोटारसायकल आत घ्यायला उतार पाहिजे. भावजींनी शांतपणे विचारलं, गाडीला बाहेर काय नडतंय? संतोषनं माझ्याकडं बघितलं, मी आभाळाकडं.

एका हिराला मात्र विचारून ते थकले. ती पदर सावरून म्हणायची, तुमी म्हनाल तसं. एवढ्यावर ते चिडायचे. "हिला काय नडतंय ते ही सांगतच न्हाई," म्हणून तरातरा शेतात निघून जायचे.

असं करता करता दसरा तोंडावर आला. गवंडी विटांवर येऊन बसला आणि म्हणाला, आता घर विसरा, एक खोली होईल. कोणती ते सांगा. संतोष म्हणाला हॉल. मी म्हटलं सैपाकघर. भावजींनी हिराकडं बघितलं. ती म्हणाली, पोराला इचारा.

तसे भावजी रेघांच्या एका कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. "न्हानी बांधा. पक्की. वर स्लॅब, आन् दाराला आतून कडी."

संतोष गाडीला किक मारून निघून गेला. मी काय गप्प बसते? घर नाही आणि न्हाणी आधी, सगळं गाव हसेल, असं मी त्यांना फैलावर घेतलं. ते आपले विटांवर पाणी मारत होते. माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले,

"वैनी, कारखान्यावर बाया कवा आंघोळ करत्यात, ठाव हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. मी कधी तोडीला गेलेच नाही.

"पहाटं. गडी उठायच्या आत. गाडीच्या आडोशाला, अंगावरचं लुगडं न सोडता. मी पाठ करून हुबा ऱ्हातो. दोन तांब्ये घेती, की झालं. हितं आली तरी तसंच. लगीन झाल्यापासनं सावकाश आंघोळ म्हनून तिला ठाव न्हाई."

हिरा अंधारात उठते म्हणून मी तिला आजवर कामसू म्हणत आले होते. 

न्हाणी झाली. मोकळ्या जागेत एकटीच, जकात नाक्यासारखी. गाव हसायचं ते हसलंच.

टोळी निघायच्या दिवशी भावजींनी मोठं पातेलं तापवलं आणि स्वतः बादली आत नेऊन ठेवली. हिरा लख्ख उन्हात आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. भावजी लांब जाऊन बसले, तेही पाठ करून.

बराच वेळ झाला. रस्त्यावर ट्रॅक्टर येऊन थांबला. मुकादम हाका मारू लागला, हॉर्न वाजवू लागला. मी हिराला आवाज द्यायला उठले, तर भावजींनी हातानं मला बसवलं. धोतर झटकून रस्त्याकडं चालत गेले, आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावलं.

सगळं शांत झालं. आत हिरानं आणखी एक तांब्या अंगावर ओतला.