विधीची भुवई

दुपारची सुट्टी झाली की पन्नालालशेठच्या डाळ मिलमध्ये सगळंच पेंगुळतं. पट्टे थांबतात, उन्हात तुरीची पिवळी धूळ तरंगत राहते आणि मिलचे मेकॅनिक रमजानचाचा पोत्यांवर आडवे होतात. त्या दिवशी मात्र शेठची नात विधी लॅपटॉप घेऊन समोर उभी राहिली.

"चाचा, हा किंचाळतो हो! मिलची जाहिरात बनवायला लावली की बारीक चीं सुरू."

"मीच म्हटलं, रमजानला दाखव," गादीवरून शेठ म्हणाले. "केवढा आवाज! डोकं उठवलं याने."

आता चाचांचा कान म्हणजे जळगावच्या एमआयडीसीत मशहूर. पेचकसाचं टोक मोटारीला, मूठ कानाला, डोळे बंद. कुठलं बेअरिंग गेलं ते नंबरासकट सांगायचे. पण गेल्या वर्षापासून बारीक आवाज त्यांना येईनासे झाले होते. घरात बायकोला, नसीमलासुद्धा त्यांनी हे सांगितलं नव्हतं. शेठला कळलं तर उद्याच गेटवर खुर्ची टाकून बसवतील, या धास्तीने बिचारे अर्धे झाले होते.

त्यांनी पेचकस लॅपटॉपला लावला, डोळे मिटले. छे! मनात लांब कुठेतरी जुन्या पट्ट्यांची लय तेवढी ऐकू येत होती, चाळीस वर्षांपूर्वीची, झोपेत चालल्यासारखी. क्षणभर बरंच वाटलं त्यांना. मग हळूच एक डोळा उघडला, तर विधीची डावी भुवई वर चढलेली.

"काम थांबव बेटा."

भुवई उतरली.

"आता लाव."

टुणकन वर!

चाचांना हुरूप आला. मागचं झाकण उघडून त्यांनी काडीने पंखा क्षणभर अडवला, भुवई तिथेच. चार्जरची पिन काढली. भुवई अर्धी खाली.

"पंखा नाही, बेअरिंग नाही. काम वाढलं की हा वीज जोरात ओढतो, मग आतली कॉइल थरथरते. आपला ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो ना, तसंच. घाबरू नको."

विधीने मोबाइलवर शोधलं. "अगदी हेच लिहिलंय! चाचा, काय कान आहे तुमचा!"

चाचांचा जीव भांड्यात पडला. जाहिरात पूर्ण झाली. विधीने लॅपटॉप बंद करून बॅगेत घातला, चेन लावली.

"अजून वाजतोच आहे की हा!" शेठ कपाळाला हात लावून म्हणाले. "काय कर्कश, अरे बाप रे!"

विधीने बॅगेकडे पाहिलं, मग आजोबांकडे. चाचा शेठकडे बघतच राहिले. म्हणजे शेठच्या कानांचंही तेच? वर्षभराची धास्ती अंगावरून ओघळून गेली, आणि त्यांना शेठची एकदम माया वाटली.

"हो शेठ, येतोय जरा. जाईल हळूहळू."

विधीने ओठ दाबून बॅग पाठीमागे सरकवली.

पारोळ्याहून तुरीचा नमुना आलेला होता. मूठ कानाशी खुळखुळवून शेठ दाणा किती सुकलाय ते सांगत. त्या बाबतीत बाजारात त्यांचाच शब्द अखेरचा. आज बराच वेळ खुळखुळवून त्यांनी मूठ चाचांपुढे केली.

"तू बघ रे रमजान. आज माझं लक्ष नाही."

चाचांनी खुळखुळवली, डोळे मिटले, आणि सवयीने एक डोळा उघडून विधीकडे पाहिलं. ते कुठे बघतायत म्हणून शेठही तिकडेच बघू लागले.

विधीला तुरीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने आपली भुवई जपून अर्धी वर केली.

"अर्धवट सुकलीये," दोघे एकदमच म्हणाले.