अकरा असामींच्या कोऱ्या पट्ट्याची हकीकत

श्रीशारदेचे चरण स्मरोन, आणि ठाऊक ते लिहावे, ठाऊक नाही ते लिहू नये, ऐशी तिची आज्ञा मस्तकी धरोन, शके सोळाशे तेहेतीस, खरनाम संवत्सरे, माघमासी जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. कोणे एके राज्यी, ज्याचे नाव पुसू नये, धारपट काढावयाची रीत होती. धारपट म्हणजे काय, तर लांब कापडावर डावे हाती एक रुंद पट्टा काढावा, जितके निघाले तितकी त्याची रुंदी, दहा असामींस एक बोट ऐसे मान, आणि मग नदीस फाटे फुटावे तैसा तो उजवीकडे फाकत जावा, म्हणजे कोण कोठे गेले ते श्रीमंतांस एका नजरेत कळावे, कारण श्रीमंतांस वाचनाचा कंटाळा भारी. थोरल्या महाराजांपासोन नेम ऐसा की धार कोरी सुटू नये, उजव्या काठी घट काढावे आणि प्रत्येक फाट्याने कोणत्या तरी घटात उतरलेच पाहिजे. हे काम विसाजीपंत धारनीस यांजकडे सव्वीस वर्षे होते, आणि सव्वीस वर्षांत त्यांचा एक फाटा कधी घटाबाहेर सांडला नाही, हे ते स्वतःच सर्वांस सांगत.

त्यांचे सुखास दृष्ट लागली ती सुभानजी रंगाऱ्याची. हा रंगाऱ्याचा पोर, वय अवघे तिसाचे, कालव्याचे पाणी कोणत्या गावास किती गेले त्याचा एक धारपट काढोन गेला, आणि श्रीमंतांनी "वाहवा" म्हणोन स्वहस्ते विडा दिला. पंतांस सव्वीस वर्षे विडा मिळाला तो तबकातला, स्वहस्ते एकदाही नाही. ते दिवसापासोन पंतांचे अन्न गोड लागेनासे जाहले, आणि घरी कन्या लाडूबाई वाढू लागली तरी पंत म्हणत, "रंगारी! ज्याने लुगडी बुडवावी त्याने पट काढावे काय?" लाडूबाई म्हणे, "तात्या, भात निवतोय." तिचे चित्त दुसरीकडे होते. तिचे यजमान जनार्दनपंत त्या वर्षी नदीपारच्या मोहिमेस गेले होते, पण कोठीवर, पिछाडीस, दाणावैरण पाहावयास, म्हणोन पंत निर्धास्त होते.

मग मोहीम परत आली. कोठीचे लोक हिशेबास नदीकाठी मागे राहिले होते, म्हणोन जावई घरी आला नाही याचे पंतांस काही वाटले नाही. श्रीमंतांनी दोघांसही पट काढावयाची आज्ञा केली. दोघांस! हजेरीनिसाने आकडे दिले ते ऐसे की गेले चारशे, धड परतले तीनशे, जखमी अठ्ठेचाळीस, कामास आले एकेचाळीस, आणि अकरांचा ठाव नाही. पूर्वी ऐसे एक दोन उणे पडले तर पंत ते धड परतल्यांत मिळवोन टाकीत आणि कोणास कळत नसे. परंतु या वेळी चित्रशाळेत सुभानजीचा पट वाळत घातला होता तो पंतांनी येता जाता पाहिला, आणि पाहिला तो पाहातच राहिले. हिरवी धार, पिवळी धार, काळी धार, ऐशा तीन धारा तीन घटांत उतरल्या होत्या, आणि चौथा एक बोटभर पट्टा कापडाचाच रंग ठेवोन नुसत्या टिंबांनी आखोन घटांचे अलीकडे उघडा सोडिला होता. रेघ इतकी निर्मळ की पंतांचे डोळ्यांत पाणी आले, आणि ते पाणी कौतुकाचे नव्हे, मत्सराचे. मग त्यांनी मनी घेतले की याची कोरी जागा भर दरबारी फजीत करावी, आपला पट काठोकाठ भरलेला दाखवावा. अकरा असामी कोठे घालाव्या? धड परतले म्हणावे, तर हजेरीस उभे नाहीत. जखमी म्हणावे, तर वैद्याकडे नाहीत. मेले म्हणावे, तर तक्रारीस कोणी येणार नाही. ऐसा विचार करोन पंतांनी काळी शाई घेतली आणि एकेचाळीसांचे बावन्न केले.

दरबार भरला. चिकाच्या पडद्याआड बायका बसल्या, त्यांत लाडूबाईही होती. श्रीमंत सुभानजीच्या पटापुढे येवोन हसले आणि म्हणाले, "काय रे, रंग संपला की काय?" सुभानजी हात जोडोन बोलिला, "सरकार, रंग हाय गाडगंभर, खबर न्हाई. रंगलेलं कापड पुन्यांदा कोरं हुत न्हाई, म्हून हात आवरला." सारा दरबार खिदळला. पंतांनी संधी साधली आणि म्हणाले, "महाराज, थोरल्या महाराजांचा नेम मोडला. आमचे पटावर पाहावे, एक असामी बाहेर नाही." श्रीमंत प्रसन्न जाहले, भरजरी शेला आणविला आणि स्वहस्ते पंतांचे खांद्यावर घातला. स्वहस्ते! पंतांनी आधी सुभानजीचे तोंड पाहिले, कारण शेल्याहून गोड त्यांस ते तोंड होते. परंतु तो आपला खाली बसोन पटाची घडी घालीत होता, आणि घडी कोऱ्या पट्ट्यावर पडो नये म्हणोन जपत होता.

इतक्यात राजोपाध्ये पुढे आले. काळ्या घटात जितके, तितक्यांचे क्रियाकर्म दरबारातून सांगावे आणि तितक्यांच्या बायकांनी कुंकू उतरावे, ऐशी त्या राज्याची रीत. उपाध्ये म्हणाले, "मजपाशी नावे एकेचाळीस, पटावर बावन्न. अकरा नावे कोणती?" हजेरीनीस उभा राहिला आणि ज्यांचा ठाव नाही ती नावे वाचू लागला. पंत शेल्याचा पदर सारखा करीत होते. सहा नावे गेली आणि सातवे आले, "जनार्दनपंत, कोठीकडील." पंत ओरडले, "तो तर पिछाडीस होता!" हजेरीनीस म्हणाला, "होते, पंत. लढाईचे आदले दिवशी जासूद आजारी पडला, तेव्हां खलिता घेवोन हेच नदीपार गेले. पुढे कोणी पाहिले नाहीत." पडद्याआड बांगड्या वाजल्या आणि लाडूबाईचा आवाज आला, "तात्या, तुम्हांस कोणी सांगितलं ते गेले म्हणून?"

मग पंतांनी शेला काढोन श्रीमंतांपुढे ठेविला आणि म्हणाले, "कोणी सांगितले नाही, महाराज. मला काही ठाऊक नव्हते. या रंगाऱ्याचा पट माझ्याहून चांगला होता, ते सोसवेना, म्हणोन काळे केले." श्रीमंतांनी दोन्ही पट जवळ आणवोन पाहिले, आणि म्हणाले, "पंत, तुमचा पट उतरवा. नगारखान्याखालचे भिंतीस त्याचा लावा." अकरा घरांचे कुंकू राहिले.

तेव्हापासोन लाडूबाई नित्य सकाळी नगारखान्याखाली जाई आणि त्या कोऱ्या पट्ट्याचे उघड्या टोकास बोट लावी. एके दिवशी सुभानजी तेथे असता तिने पुसले, "भाऊ, हा पुढं कुठं जाईल?" तो म्हणाला, "खबर यील तिकडं, आक्का. तवर जागा धरून ठिवलीया." मागे पंत उभे होते, त्यांनी ऐकिले आणि ते जळाले. सव्वीस वर्षांत आपला एक पट लेकीने उभ्या उभ्या पाहिला नाही, आणि परक्याच्या रिकाम्या बोटभर जागेवर तिचा जीव लागला! तरी दुसरे दिवशी तिच्याही आधी पंत फडके घेवोन आले आणि कोऱ्या पट्ट्याची धूळ झाडू लागले, कारण धुळीने कापड काळे पडते. मरेतोवर तो नेम त्यांनी मोडिला नाही. झाडता झाडता रोज मनी म्हणत की ही रेघ आपल्या हातची व्हावयास हवी होती.

तात्पर्य, गेले चारशे, धड परतले तीनशे, जखमी अठ्ठेचाळीस, कामास आले एकेचाळीस. अकरांची खबर हे लिहितेपर्यंत आली नाही, सबब त्यांचे नावांपुढे बखरकारानेही जागा कोरी सोडिली असे.