याकोबनानांचे छोटे पेले

याकोबनाना उपासनेला येत तेव्हा आधी स्पिरिटचा वास यायचा, मग नाना. एका हातात पवित्र शास्त्र, दुसऱ्यात स्पिरिटचा बोळा. बाकाची कड पुसायची, गीतपुस्तक पुसायचं, मगच बसायचं. कुणी हात मिळवायला गेलं की दोन पावलं मागे सरून नमस्कार करायचे. हसलं कुणी, तर अहिराणीत म्हणायचे, “विश्वास शे, पन जंतूबी शेतस.”

धुळ्याच्या एका मिशन दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं थुंकी आणि रक्त तपासलं होतं. बायको मार्था कधीच गेलेली, मूलबाळ नाही. मी आमच्या चर्चच्या मंडळीचा चिटणीस, त्यामुळे नानांचे अर्ज माझ्याकडे यायचे. गीतपुस्तकांना उन्हं दाखवा. पाळकांनी लहान मुलांचे मुके घेऊ नयेत. असले.

त्यांची प्रार्थनाही तपासणीच्या कागदासारखी असायची. कुणी आजारी आहे म्हटलं की नाना आधी चौकशी करत, “मलेरिया का टायफॉइड? मोघम मागून कसं चालेल?” एकदा भर उपासनेत उभे राहून ते म्हणाले, “हे प्रभू, या बहिणीचं हिमोग्लोबिन साडेसात आहे, ते निदान दहावर आण.” पाळकसाहेबांनी घाईघाईने आमेन म्हटलं.

त्यांची खरी लढाई प्रभुभोजनाच्या प्याल्याशी होती. आमच्याकडे द्राक्षरसाचा चांदीचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागत फिरायचा. प्रत्येकाला वेगळा छोटा पेला द्या, असा नानांनी अर्ज केला. मंडळीतले सर्वांत जुने वडीलधारे थोमाआबा खवळले.

“प्रभूनं एकच प्याला फिरवला होता, याकोब!”

“तेव्हा सूक्ष्मदर्शक नव्हता, आबा.”

“प्रभूला लागतो का सूक्ष्मदर्शक?”

“प्रभूला नाही. मला लागतो.”

पुढच्या बैठकीला नानांनी सायकलच्या कॅरिअरवर टॉवेलात गुंडाळून सूक्ष्मदर्शक आणला. प्याल्याच्या कडेवरची लाळ काचेवर घेऊन खिडकीपाशी मांडलं. आबांना एक डोळा मिटता येईना, म्हणून तो त्यांनी हाताने दाबून धरला.

“केस दिसताहेत.”

“त्या तुमच्या पापण्या. जरा मागे व्हा.”

आबा मागे झाले. बराच वेळ बघत राहिले. मग एकदम ताठ उभे राहिले. “हालतंय हो काहीतरी!”

त्या दिवशी आबांनी बैठकीतला चहासुद्धा घेतला नाही. ठराव एकमताने झाला. मी आणि नाना भांडीबाजारात गेलो, तर दुकानदार विचारतो, “भातुकलीसाठी का? किती मुली आहेत?” नाना म्हणाले, “ऐंशी.”

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पुढे दहाएक वर्षांनी नरडाण्याहून सुशीला आली. नवरा ट्रकवर होता. तो त्या नव्या रोगाने गेला, तेव्हा ती धुळ्याला भावाकडे राहायला आली. तिच्याही रक्तात तोच दोष निघाल्याचं आठवड्याभरात सगळ्या मंडळीला कळलं.

बैठक बसली. थोमाआबा म्हणाले, “तिचा पेला वेगळा ठेवा. लाल रंगाची खूण करा.”

“हा रोग पेल्यानं लागत नाही, आबा,” नाना म्हणाले.

“तूच जंतू दाखवलेस ना आम्हाला? आता तूच नाही म्हणतोस?”

सगळे माना डोलवत होते. नानांना पुढे बोलू दिलं नाही. मीच चिटणीस म्हणून तो ठराव लिहून घेतला.

त्या महिन्याच्या प्रभुभोजनात सुशीलाने लाल ठिपक्याचा पेला खाली बघून घेतला, खाली बघून परत ठेवला. दुसऱ्या महिन्यात पेल्यांचं तबक नेहमीप्रमाणे पहिल्या बाकापासून निघालं. पहिल्या बाकावर नाना. त्यांनी तबकावर नजर फिरवली, लाल ठिपक्याचा पेला उचलला, पुसला नाही, आणि पिऊन टाकला. आबांच्या तोंडून “अरे, अरे!” निघालं. तबक पुढे गेलं. शेवटच्या बाकावर सुशीलापर्यंत पोहोचलं तेव्हा त्यात सगळे सारखेच पेले होते. तिने क्षणभर शोधलं, मग एक उचलला.

उपासनेनंतर मी नानांना बाहेर कडुनिंबाखाली गाठलं. म्हटलं, “नाना, विज्ञान पटवून द्यायचा हा बरा मार्ग काढलात.”

नाना चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “तुम्हाला बठ्ठ्यांना, सगळ्या मंडळीला वाटतं, मी जंतूंना भिऊन पेले आणले.”

“मग?”

“मार्थाला क्षय झाला होता. थुंकी मीच तपासली, पाळकांना मीच जाऊन सांगितलं. मंडळीला धोका नको म्हणून. मग प्याला तिच्यापाशी आला की पाळक तिला टाळून पुढे जायचे. ती तोंड उघडून बसलेली असायची, ते मिटून घ्यायची. तीन वर्षं. वेगळे पेले असते, तर तिला मिळाला असता.”

नानांनी चष्मा घातला.

“तेव्हा बायकांची बाजू आधी असायची; ती झाली की प्याला आम्हा पुरुषांकडे यायचा,” ते म्हणाले. “मी प्यायचो.”