आठ बोटांची पायरी

बिराप्पाण्णाच्या सायकलीला अठरा गियर होते. त्यातला तो एकच वापरायचा. बाकीच्या सतरांचं काय, असं विचारलं की म्हणायचा, "राहू द्या की सर. अडीअडचणीला असावेत." जाड टायरांची, डोंगरात चालवायची ही सायकल त्याच्या पोरानं पुण्याहून पाठवली होती. हळ्ळीखेडात तसली दुसरी नव्हती. पहिले आठ दिवस गावातल्या म्हशी उठून तिला वाट देत होत्या.

बिराप्पाण्णा आमच्या हायस्कुलात ड्रिल मास्तर, मी गणिताचा. त्याच्या तोंडात शिट्टी कायमची. जेवतानाही तो ती एका गालात सरकवून ठेवतो, असं हेडमास्तर सांगत. आणि हेडमास्तर खोटं बोलत नसत; शाळेत ते खातं माझ्याकडं होतं.

दर रविवारी सकाळी तो आम्हा चार मास्तरांना गोळा करून चिंचोळीकडच्या जंगलात न्यायचा. सायकल बसच्या टपावर, आम्ही आत. उतरून तासभर चाललं की तांबड्या दगडाचं पठार एकाएकी संपायचं आणि खाली घळ दिसायची. झाडी इतकी दाट की वरून चिंच टाकली तर खाली पोचेस्तोवर तिचं झाड व्हावं.

"अण्णा, रस्ता कुठाय?"

"ह्यो काय. सरळच हाय. नुसता उभा हाय."

एवढं बोलून हा शिट्टी फुंकत सायकलीवरून खाली. वाटेतली वानरं पोरं पोटाशी धरून वर चढायची. एकदा हैदराबादची कॉम्प्युटरवाली मंडळी तिथं आली होती. डोक्याला हेल्मेट, गुडघ्यांना ढाली. त्यांनी बिराप्पाण्णाला उतरताना पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं, आणि आपापल्या सायकली खांद्यावर घेऊन गुमान परत गेली.

इथवर सगळं ठीक होतं. पण ह्याच्या कॅरिअरला कायम एक चपटा दगड बांधलेला असायचा. आम्हालाही एकेक मिळायचा. लोक डोंगरात जाऊन चार घास हवा खातात. आम्ही दगड वाहायचो. ते दगड तो उतारावर एकाखाली एक बसवायचा, पायानं दाबून बघायचा, आणि मग उकिडवा बसून दोन्ही पंजे एकावर एक आडवे लावून पायरीची उंची मोजायचा. आठ बोटं. नववं बोट मावलं की पायरी उखडलीच. एकदा मी घाम गाळून बसवलेली पायरी त्यानं दीड बोटासाठी उपटली. मी त्याच्याशी तीन दिवस बोललो नाही. त्याच्या ते लक्षात आलं नाही, हा भाग वेगळा.

जंगलखात्याच्या गार्डनं एकदा हटकलं, "मास्तर, परवानगी हाय का?"

"दगड तुमच्याच जंगलातले हायत, तुमच्याच जंगलात ठिवायलोय. ह्यात माझं काय हाय सांगा."

गार्डनं बराच वेळ विचार केला, आणि जाता जाता त्यानंही एक दगड सरकवून दिला.

शेवटी एका रविवारी मीच दगड खाली टाकला. "अण्णा, आज सांगायचं. कामून आठच बोटं?"

त्यानं शिट्टी तोंडातून काढली. मी ती बाहेर आलेली प्रथमच बघत होतो.

"शांताचा पाय तेवढाच उचलतो, सर."

शांता म्हणजे आमच्या वैनी, त्याची बायको. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडल्यापासून त्यांचा उजवा गुडघा वाकत नव्हता आणि उजव्या हातात जोर नव्हता. त्यांच्या माहेरचे मेंढरंवाले. उन्हाळ्यात सगळीकडचं पाणी आटलं की कळप ह्या घळीतल्या डोहावर यायचा. वैनी तिथंच जन्मल्या. "पाच दिवस मेंढरं हलवली न्हाईत म्हणं, हिच्यासाठी," अण्णा म्हणाला. वैनी रांगत्या असतानाच मेंढरं विकली, पुढं भाऊ हैदराबादला बांधकामावर गेले, आई-बाप गेले. गाव म्हणावं तर गाव नाही, घर म्हणावं तर घर नाही. आईच्या तोंडून ऐकलेला तो डोह तेवढा राहिला, आणि तोही वैनींनी जाणतेपणी कधी पाहिला नव्हता.

"मे महिन्यात रिटायर व्हायलोय. जूनला पोरगा पुण्याला न्यायलाय. एकदा गेल्यावर कोण आणतंय हिला हितं?"

मी टाकलेला दगड उचलला. त्यानंतर आम्ही असे राबलो की जणू शाळेची तपासणी आहे. एकशे अकरा पायऱ्या झाल्या. आधाराचा हिशेब माझा: वैनींचा डावा हात धड, म्हणून उतरताना डाव्या हाताला सबंध कातळ येईल अशी वाट मी आखली. त्यावर महिनाभर मिशीला पीळ देत हिंडलो.

मेच्या शेवटच्या रविवारी वैनी सायकलीच्या कॅरिअरवर बसून पठाराच्या कडेपर्यंत आल्या आणि तिथून पायऱ्या उतरल्या. डावा तळवा कातळावर, पाऊल आठ बोटं खाली, मग दुसरं. सव्वा तास लागला. खाली डोह हिरवागार, काठाला करंजाची सावली. वैनी पाण्याशी जाऊन बसल्या. आम्ही मागंच थांबलो ते समजण्यासारखं होतं, पण बिराप्पाण्णाही वीस पावलांवर खांबासारखा उभा.

"अण्णा, जा की जवळ."

"तिचं माहेर हाय, सर," तो हळूच म्हणाला. "बोलावल्याशिवाय कसं जावं?"

बराच वेळ वैनी पाण्यात हात घालून बसल्या होत्या. मग मागं वळून म्हणाल्या, "आवो, भाईर कामून उभारलाव? या की आत."

त्यानं बूट काढले, टोपी सारखी केली आणि जावई जातो तसा गेला.

घोटाळा कळला तो परतताना. वैनींनी पहिल्या पायरीशी हात लांबवला आणि तो हवेत राहिला. उतरताना डावीकडं असलेला कातळ चढताना उजवीकडं येतो, हे सव्वीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं! डाव्या बाजूला नुसती दरी. मी दरीकडं पाहिलं. उडी मारायला पुरेशी होती.

"मी पाठीवर घेतो," अण्णा म्हणाला.

"माहेरातनं पाठीवर बसून जाऊ व्हय? लोक काय म्हणतील?" वैनी म्हणाल्या. लोक म्हणजे आम्ही चौघं. मग त्या वळल्या. डोहाकडं तोंड, डोंगराकडं पाठ. कातळ आपसूक डाव्या हाताला आला. चांगला पाय मागं वर, मग ताठ पाय ओढून घ्यायचा. एक पायरी झाली.

अण्णा त्यांच्या समोर, दोन पायऱ्या खाली, तोल गेला तर धरायला हात पसरून चढू लागला. आम्ही चौघं त्याच्या मागं. दहाएक पायऱ्या झाल्यावर वैनी थांबल्या.

"काय झालं? पाय दुखायलाय?"

"न्हाई. तुमी जरा सरका की. पाणी दिसंना झालंय."

एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. सरकायला जागाच नव्हती. तेव्हा तो सहा फुटी ड्रिल मास्तर, ज्यानं कवायतीत कुणाची पाठ कधी वाकू दिली नाही, कमरेत वाकला, आणि उरलेल्या शंभर पायऱ्या तसाच वाकून चढला.