मोजके पण भारी

लग्नाच्या पंगतीत लोकांनी महाबळेश्वरला वाढप्या समजलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

लग्न रामनगरला, बायकोच्या चुलतभावाचं. महाबळेश्वर म्हणजे त्या घरचा थोरला जावई. पण अंगातला चौकड्यांचा शर्ट इतका विटलेला, की कुणीतरी "ए, इकडं ये" म्हणून त्याच्या हातात साराची बादली दिली. या गृहस्थाला कुणाला नाही म्हणायची सवय नाही. त्याने अख्खी पंगत वाढून काढली. (वाढलंही झकास. एकाने तर पुढच्या महिन्यातल्या बारशाला येणार काय म्हणून विचारलं.) समोरच्या ओळीत त्याची बायको सुनयना बसली होती आणि तिच्या शेजारी सासूबाई. सासूबाईंनी वाटी पुढे केली, सार वाढून घेतलं, वाढणाऱ्याकडे वर पाहिलं आणि त्यांच्या घशात भात अडकला.

त्यांच्या गावी, गुंदला येईपर्यंत सुनयना बसमध्ये नवऱ्यापासून दोन बाकं पुढे बसली. घरी पोचल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "माझ्या आईला एकदा तरी वाटू दे, की आपला जावई जावयावाणी दिसतोय. एकदाच. मग जन्मभर फडकी गुंडाळून फिरा, माझं काय म्हणणं न्हाई."

तिचे डोळे भरले होते. महाबळेश्वरला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की तो फोन उघडतो, ही त्याची खोड.

गुंदच्या त्या बाजूला फोनला रेंज येते ती एकाच ठिकाणी, शेजारच्या झिलूच्या भातशेताजवळच्या वळणावर. सोसायटीतलं कारकुनीचं काम आटोपलं की महाबळेश्वर तिथे उभा राहून जगाची माहिती घेतो. त्या दिवशी त्याला एक व्हिडिओ सापडला. त्यातला गुळगुळीत दाढीचा तरुण सांगत होता, की कपाट भरून कपडे ठेवण्यात काही अर्थ नाही. मोजके घ्या, पण भारी घ्या. सगळ्यावर सगळं शोभेल असे रंग घ्या. आणि जुने कपडे आजच्या आज घराबाहेर काढा. महाबळेश्वरला आपण इतकी वर्षं अंधारात होतो असं वाटलं.

"दोन शर्ट, दोन पँटी," त्याने घरी येऊन समजावलं. "उलटसुलट घातलं की चार जोड होतात."

"आणि धुऊन वाळत घातल्यावर काय घालायचं?"

यावर व्हिडिओत काही नव्हतं. (तो तरुण बहुधा कपडे धुतच नसावा.)

पण चार जोडांचा हिशेब इतका पटण्यासारखा होता, की शेवटी सुनयनाने नव्या मिक्सरचा विचार वर्षभर पुढे ढकलला आणि दोघं बेळगावला गेली. दुकानदाराने कापड असं काही हळुवार उलगडलं, की महाबळेश्वरने हात लावण्याआधी तो पँटीला पुसून घेतला. एक पांढरा शर्ट ठरला, एक बदामी. "हे कापड रोज धुवायचं नसतंय बघा," दुकानदार म्हणाला. "घालून झालं की नुसतं वाऱ्याला टांगायचं." दोन पँटींसकट सगळी खरेदी एका लहान पिशवीत मावली. तेवढ्या खर्चात सुनयनाने तीन पिशव्या भरून आणल्या असत्या, आणि परतीच्या वाटेवर तिने ते बोलूनही दाखवलं.

राहिले जुने कपडे. ते झिलूने मागून नेले. त्याचं भात पोटरीला, म्हणजे लोंब्या धरायला आलं होतं आणि रानडुकरांना भिववायला त्याला बुजगावणी उभी करायची होती. पण धुतल्याशिवाय कपडे दुसऱ्याला कसे द्यायचे? सुनयनाने ते नीळ घालून धुतले आणि कडक इस्त्रीही केली. महाबळेश्वरच्या अंगावर ते शर्ट कधीच इतके चांगले दिसले नव्हते.

पांढरा शर्ट एक दिवस जगला. तो घालून महाबळेश्वर सोसायटीच्या मीटिंगला जोयड्याला गेला आणि लोकांना शर्ट दिसावा म्हणून बसच्या खिडकीशी बसला. रस्त्याचं काम चाललं होतं. घरी आला तेव्हा शर्ट कौलाच्या रंगाचा झाला होता, फक्त खांद्यावरच्या पिशवीच्या पट्ट्याखाली एक पांढरी रेघ उरली होती. सुनयनाने चार वेळा धुतला, तर गुलाबी झाला. "गुलाबी पण बरा दिसतो की," महाबळेश्वर म्हणाला. सुनयनाने त्याचा उशीला अभ्रा केला.

आता बदामी शर्ट तेवढा उरला. तो ट्रंकेत गेला. आणि सोमवारी ऑफिसला काय घालायचं, या विचारात महाबळेश्वर बनियनवर बसला असताना झिलू अंगणात आला.

"अण्णा, तुमचे शर्ट काय उपेगाचे न्हाईत बघा."

"का? फाटले?"

"फाटले न्हाईत. वास न्हाई त्यास्नी." झिलूने सुनयनाकडे चोरून पाहिलं. "वैनीनं लई निगुतीनं धुतलंय. डुक्कर कापडाला भीत न्हाई वो, माणसाच्या वासाला भितंय. राती आली, बुजगावण्याच्या पायाशी बसून भात खाऊन गेली. येक मातर, चौकड्याचा शर्ट वैनीच्या हातनं सुटला हुता. तसाच आला, बिनधुता. त्या अंगाला येक डुक्कर फिरकलं न्हाई!"

"मग आता?"

"दिवसभर तुमी घाला. चांगला घामेजला की द्या मला. सकाळी परत आणून देतो." आणि मग तो अगदी मनापासून म्हणाला, "तुमचा घाम लई जबरदस्त हाय, अण्णा."

महाबळेश्वरच्या कुठल्याही गुणाचं इतकं मोकळं कौतुक याआधी कुणी केलं नव्हतं. शिवाय अंगावर घालायला काहीतरी मिळत होतं. त्याने होकार दिला. पडवीतली खुंटी ठरली. संध्याकाळी महाबळेश्वरने शर्ट काढून खुंटीला लावायचा, झिलूने न विचारता न्यायचा. दिवसपाळीला महाबळेश्वर, रातपाळीला बुजगावणं. भात वाचू लागलं. झिलू त्याला रस्त्यात दिसला की आधी वास घ्यायचा आणि मग समाधानाने मान हलवायचा.

सगळं असं सुरळीत चाललं असताना मनीषाचा, म्हणजे सुनयनाच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला. ती आणि तिचा नवरा परशुराम कुळगीला जंगल कॅम्पला निघाले होते. रविवारी जाता जाता दुपारचं जेवण गुंदला. हा परशुराम बेळगावचा, सदा इस्त्रीत. घडी मोडेल म्हणून लहान पोरांनासुद्धा उचलून घेत नाही.

"मनी फोटो काढल्याबिगर ऱ्हात न्हाई," सुनयना म्हणाली. "आणि फोटो आईला जाणार. आलं ध्यानात?"

महाबळेश्वरच्या चांगलंच ध्यानात आलं. आयत्या वेळी घोटाळा नको म्हणून त्याने शनिवारी दुपारी बदामी शर्टाची तालीम घेतली. तो घालून वळणापर्यंत गेला आणि परत आला. मग जरा छाती पुढे काढून पुन्हा गेला आणि पुन्हा आला. पावसानंतरचं ऊन फार चावरं. शर्ट पाठीला चिकटला. पण दुकानदाराने सांगितलं होतं ना, धुवायचा नाही, वाऱ्याला टांगायचा. महाबळेश्वरने तो काढला, प्रेमाने झटकला आणि वारं बरं लागतं म्हणून पडवीतल्या खुंटीला टांगला.

होय, त्याच खुंटीला. चौकड्यांचा शर्ट तालमीच्या गडबडीत आतच राहिला.

रविवारी सकाळी आंघोळ करून तो पडवीत आला, तर खुंटी रिकामी. त्याने आत पाहिलं, बाहेर पाहिलं, उशीचा अभ्रासुद्धा उचलून पाहिला. सुनयना चुलीपुढून उठून आली. तिने आधी खुंटी पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"झिलू," ती म्हणाली.

"मी आत्ता जाऊन घेऊन येतो. पायवाटेने गेलो तर—"

तेवढ्यात अंगणात हॉर्न वाजला. घरात घालण्यासारखा शर्ट एकच होता, तो चौकड्यांचा. महाबळेश्वरने तो अंगात घातला आणि त्याला पंगतीतली बादली आठवली. सुनयनाने पदराने तोंड पुसलं, पण तिला रडू येत होतं हे त्याला दिसलं.

मनीषा गाडीतून उतरली ती हसतच. "दाजी, तुमी आमच्या आधी कसं पोचला वो? आणि कापडं पण बदलली?"

"आँ?"

"आत्ता वळणावर उभे हुता न्हवं! मी हात केला तर तुमी दोनी हात पसरून उभेच! परत परत हात केला तरी हात खाली घेईनात. अक्का, दाजींची माया बघ गं!" तिने फोन पुढे केला. "तिथंच रेंज हुती, लगेच आईला धाडला. तिचं उत्तर पण तिथंच आलं."

फोटो लांबून काढलेला. पिवळं पडू लागलेलं भात, मागे डोंगर, आणि कमरेइतक्या भातात बदामी शर्ट घालून, जुनी टोपी डोळ्यांवर ओढून, हात पसरून उभा असलेला एक रुबाबदार पुरुष. चुण्या नाहीत, पोट नाही, खांदे सरळ. (खांदे बांबूचे होते.) खाली सासूबाईंनी पाठवलेला आवाज मनीषाने लावला. "अगं बाई! जावईबापू काय शोभून दिसत्यात! सुनीनं नशीब काढलं बघ. गल्लीत सगळ्यांस्नी दावते."

सुनयनाने तो आवाज पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा ऐकला. तिच्या चेहऱ्यावर लग्नानंतर पहिल्यांदाच दिसावा असा उजेड आला. महाबळेश्वर प्रामाणिक माणूस. त्याने खरं सांगायला तोंड उघडलं. सुनयनाने त्याच्या पायावर पाय दिला आणि तो तिथेच ठेवला.

"जेवायच्या वक्ताला भारी कापडं घालत न्हाईत ते," ती म्हणाली. "शिस्त हाय त्यांची."

जेवताना परशुरामने स्वतःच्या शर्टावर पडलेला आमटीचा थेंब चोरून झाकला. "कापड मातर झकास हाय, साडू," तो जरा कष्टाने म्हणाला. "बघू द्या की एकदा हातात घेऊन."

"निरोपाला घालतील," सुनयना बोलून गेली. "तुमी जाताना वळणावरच उभे ऱ्हातील. आमच्याकडं तशीच पद्धत हाय." अशी पद्धत गुंदला कधीच नव्हती. पण पाहुणे त्याच वाटेने परत जाणार होते, आणि घरी पाटावर बसलेला साडू शेतातही उभा दिसला असता, तर पद्धतीपेक्षा मोठी पंचाईत झाली असती.

पाहुणे पान खात बसले आणि महाबळेश्वर मागच्या दाराने पायवाटेला लागला. शेतात पोचला तेव्हा धाप लागलेली. बुजगावण्याच्या अंगातला शर्ट काढू लागला, तर झिलू राखणीच्या माळ्यावरून ओरडत उतरला.

"अण्णा, काढू नका! राती येक डुक्कर बांधाच्या अलीकडं आलं न्हाई! ह्या शर्टावाणी शर्ट न्हाई बघा!"

"झिलू, पाया पडतो, जरा खाली बस."

"कशापायी?"

"माझ्या संसारापायी!"

झिलू उघड्या बुजगावण्याला पोटाशी घेऊन भातात आडवा झाला. महाबळेश्वरने शर्ट अंगात घातला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि गाडी वळणावर आली. काच खाली झाली. "दाजी, सकाळवाणी हात पसरा की!" मनीषा ओरडली. त्याने हात पसरले. छाती पुढे काढली. पोट आत घेतलं. श्वास कोंडला. शेजारच्या लोंब्यांवर पोपटांचा थवा उतरला आणि निवांत भात खाऊ लागला, पण तो हलला नाही. बायकोसाठी आपण आज खरोखर जावयासारखे उभे आहोत, या विचाराने त्याने हात आणखी ताणले. मनीषाने फोटो काढला, परशुरामने उगीच हॉर्न वाजवला आणि गाडी जंगलात दिसेनाशी झाली.

"आता उठू काय?" भातातून झिलूने विचारलं.

खिशातला फोन थरथरला. वळणावर रेंज होती, आणि या खेपेला मनीषाने फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. महाबळेश्वरने हात खाली घेतले, घामेजलेल्या बोटांनी फोन काढला आणि फोटोखाली आलेला सासूबाईंचा आवाज लावला.

"मने, सकाळचा फोटो झक्क आला हुता, त्योच ठेवते गं. ह्यात जावईबापू अगदी बुजगावण्यावाणी दिसाय लागल्यात."